दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा तोटा

१२९६-९७ च्या सुमारास फ्रान्समध्ये लॅटिन भाषेतली एक लहानशी संवादपुस्तिका फिरू लागली. लेखकाने आपले नाव घातलेले नव्हते. तिच्यात दोघेच बोलतात, एक पाद्री आणि एक शिलेदार. पाद्री सुरुवातीलाच गाऱ्हाणे मांडतो : दिवस फिरले, कायदा मेला, आमची मालमत्ता लुटली जाते आहे. शिलेदार म्हणतो, हे मोठाले शब्द आमच्यासारख्या अडाण्याला कळत नाहीत, जरा सोपे करून सांगा. मग हा स्वतःला अडाणी म्हणवणारा गडी बायबलमधले दाखले देत देत पाद्र्याला निरुत्तर करतो. ख्रिस्ताने या जगातले राज्य मागितलेच नव्हते; चर्चला दिलेले धन पुण्यकार्यासाठी दिलेले आहे; आणि देशाचे रक्षण हे पुण्यकार्य नाही तर काय, असा त्याचा एकंदर रोख. पुस्तिका राजाच्या बाजूची, तेव्हा शिलेदार जिंकणार हे ठरलेलेच होते. लक्षात राहते ते दुसरेच. पोपला देवाने किती अधिकार दिला या थोर प्रश्नावर बोलता बोलता दोघेही फिरून फिरून पैशाशी येऊन थांबतात.

फ्रान्सचा राजा चौथा फिलिप आणि पोप आठवा बोनिफेस यांचा १२९६ ते १३०३ हा झगडा इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एकाच मथळ्याखाली येतो : राज्यसंस्थेने धर्मसंस्थेवर मिळवलेला पहिला मोठा विजय. माझे म्हणणे असे की हा मथळा चुकीच्या जागी लावला आहे. भांडण राज्य आणि धर्म यांच्यात नव्हते. फ्रान्समधल्या धर्मगुरूंच्या उत्पन्नावर आणि त्यांच्या न्यायावर हक्क कोणाचा, हे भांडण होते. ते शेवटी मिटले ते वाटणीने, आणि वाटणीत ज्याची चीजवस्तू वाटली गेली त्याला कोणी विचारले नाही. हे म्हणणे मांडण्यासाठी त्या जुन्या पुस्तिकेचाच घाट उसना घेतला आहे. समोरच्याला 'राजपक्ष' म्हणू. फिलिपने आधुनिक राज्याचा पाया घातला, हे त्याचे मत.

राजपक्ष : लेखकमहाशय, आधी सगळा हिशेब सरळ मांडू. १२९६ मध्ये बोनिफेसने 'क्लेरिकिस लाइकोस' हे आज्ञापत्र काढले. पोपच्या परवानगीवाचून राजाने धर्मगुरूंकडून कर घेतला तर घेणारा आणि देणारा दोघेही बहिष्कृत, असा त्यात दम होता. सात वर्षांनी, ७ सप्टेंबर १३०३ रोजी, राजाचा माणूस गियोम द नोगारे हत्यारबंद टोळी घेऊन अनान्यी गावात शिरला आणि त्याच पोपला त्याच्याच वाड्यात पकडले. पुढच्या महिन्यात पोप वारला. १३०५ मध्ये बोर्दोचा आर्चबिशप पाचवा क्लेमंट या नावाने पोप झाला. १ फेब्रुवारी १३०६ रोजी त्याने 'क्लेरिकिस लाइकोस' मागे घेतले, आणि बोनिफेसच्या 'ऊनाम सांक्ताम' या गाजलेल्या आज्ञापत्राने फ्रान्सच्या राजाचे काहीही बिघडत नाही असे लिहूनही दिले. १३०९ मध्ये तो आव्हीन्योंला येऊन राहिला आणि १३७७ पर्यंत पोपमंडळींचा मुक्काम तिथेच पडला. निकाल इतका स्वच्छ असताना तुम्ही पाणी कशाला गढूळ करता? आपल्या हद्दीत आपल्यावर कोणी नाही, हे वाक्य एका राजाने पोपच्या तोंडावर म्हटले आणि निभावून नेले. आजचे राज्य तिथून सुरू होते.

लेखक : तारखा सगळ्या बरोबर आहेत. पण पहिल्या तारखेच्या मागे दोन वर्षे जा. १२९४ मध्ये गास्कनीवरून फिलिप आणि इंग्लंडचा पहिला एडवर्ड यांच्यात युद्ध पेटले. सैन्य पगारी, गलबते भाड्याची, आणि राजाची घरची मिळकत तुटपुंजी. फिलिपने नाण्यातली चांदी कमी केली, इटालियन सावकारांकडून कर्ज काढले, आणि चर्चच्या उत्पन्नाकडे हात वळवला. ही वाट त्याला दाखवली होती पोपमंडळींनीच. धर्मयुद्धाच्या नावाने चर्चच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा राजाला उचलू द्यायचा, ही तेराव्या शतकातली रुळलेली पद्धत होती. फिलिपच्या बापाने आरागॉनवर जी मोहीम काढली तिलासुद्धा रोमने धर्मयुद्ध ठरवून असाच पैसा पुरवला होता, आणि आरागॉनचा राजा काही मुसलमान नव्हता. तेव्हा चर्चचा पैसा युद्धाला वापरावा की नाही, याबद्दल रोम आणि पॅरिस यांच्यात मतभेद कधीच नव्हता. मतभेद एवढाच की किल्ली कोणाच्या कमरेला असावी. १२९६ मध्ये सिस्तेर्सियन मठांनी या वसुलीबद्दल रोमकडे तक्रार नेली. बोनिफेस कायद्याच्या अभ्यासात मुरलेला, साठी ओलांडलेला, तापट गृहस्थ. त्याने तक्रारीचे निमित्त साधून सगळ्याच राजांना उद्देशून ते आज्ञापत्र काढले. फिलिपचे उत्तर पाहा. त्याने धर्मशास्त्राचा एक शब्द काढला नाही. ऑगस्ट १२९६ मध्ये त्याने राज्यातून सोने, चांदी, घोडे आणि हत्यारे बाहेर नेण्यास बंदी घातली. फ्रान्समधून रोमकडे जाणारा पैशाचा ओघ एका फटक्यात बंद झाला. त्यात भर म्हणून बोनिफेसच्या दारातच आग लागली. मे १२९७ मध्ये रोममधल्या कोलोना घराण्याने पोपचा खजिना वाटेत लुटला, आणि त्या घराण्यातले दोन कार्डिनल बोनिफेसची निवडच बेकायदा असल्याचे जाहीरनामे चिकटवू लागले. घरात बंड आणि तिजोरीत खडखडाट अशा स्थितीत जुलैच्या अखेरीस बोनिफेस नमला. राज्यावर संकट आले आहे की नाही हे राजाने स्वतःच ठरवावे आणि पोपला न विचारता धर्मगुरूंकडे पैसा मागावा, अशी मुभा त्याने दिली. ऑगस्टमध्ये त्याने फिलिपचा आजोबा नववा लुई याला संतपद बहाल केले. म्हणजे पहिली फेरी पैशावरून सुरू झाली, पैशाने लढली गेली आणि पैशावर मिटली. या सगळ्यात ज्यांनी पैसा द्यायचा त्यांची गत काय? १२९७ च्या सुरुवातीला फ्रान्सच्या काही आर्चबिशपांनी पोपला पत्र लिहिले की आम्हाला राजाला मदत करू द्या. न द्यावे तर राजा मालमत्तेवर टाच आणणार, द्यावे तर पोप बहिष्कार घालणार. इकडे आड, तिकडे विहीर.

राजपक्ष : पहिली फेरी पैशाची, हे घटकाभर मान्य. पण १३०१ नंतरचे भांडण तसे नव्हते. पामिएचा बिशप बेर्नार सेसे याच्यावर राजद्रोहाचा आरोप होता. प्रजाजनाने राजाविरुद्ध कट केला तर त्याचा न्याय राजाने करायचा नाही तर कोणी? अंगावर झगा आहे म्हणून माणूस कायद्याच्या बाहेर जातो काय?

लेखक : प्रश्न रास्त आहे, आणि आजच्या वाचकाचे मत तुमच्याच बाजूला झुकेल. पण सेसेचे प्रकरण जरा जवळून पाहा. पामिएची गादी बोनिफेसने १२९५ मध्ये नव्याने निर्माण केलेली, सेसे त्याचा माणूस, जिभेला हाड नसलेला. साक्षींमध्ये त्याच्या तोंडी घातलेले एक बोलणे प्रसिद्ध आहे : आपला राजा घुबडासारखा आहे, पक्ष्यांनी सर्वांत देखणा म्हणून घुबडाला राजा केले, पण त्याला काही येईना, तसा हा जगातला सर्वांत रूपवान पुरुष, नुसता टक लावून बघतो, बोलत काही नाही. फिलिप खरोखरच मितभाषी होता, आणि आजवर त्याच्या चरित्रकारांना त्या मौनाचा थांग लागलेला नाही, त्यामुळे ही टवाळी नेमकी वर्मी लागली असणार. राजाच्या माणसांनी १३०१ च्या जुलैमध्ये सेसेला पकडले, आणि ऑक्टोबरात सांलिस इथे राजसभेपुढे त्याच्यावर आरोप ठेवले गेले. त्यापुढचे पाऊल माझ्या दृष्टीने महत्त्वाचे. राजाने पोपकडे मागणी केली ती बिशपला पदच्युत करून आमच्या हवाली करा अशी. पदच्युत करण्याचा हक्क पोपचाच, हे राजा त्या मागणीत गृहीत धरून चालला आहे. बिशपाचा न्याय धर्मसंस्थेबाहेर करण्याचा सिद्धान्त त्याने मांडलाच नाही. धर्मसंस्थेने आपल्या सांगण्यावरून शिक्का मारावा एवढेच त्याला हवे होते. आणि बोनिफेसने डिसेंबर १३०१ मध्ये काय केले? एका आज्ञापत्राने राजाला मुलासारखे समजावत रोमला आपल्यापुढे फ्रान्सच्या बिशपांची सभा बोलावली, आणि त्याच सुमारास दुसऱ्या आज्ञापत्राने १२९७ ची कराची मुभा काढून घेतली. दुसऱ्या कागदाकडे पुस्तके फारसे लक्ष देत नाहीत. मला त्यातच पाणी मुरताना दिसते.

राजपक्ष : पण त्या पहिल्या कागदात पोपने स्वतःला राजांवर आणि राज्यांवर नेमलेला म्हणवून घेतले होते. फ्रान्सच्या तिन्ही वर्गांनी, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि नगरांचे प्रतिनिधी यांनी, १० एप्रिल १३०२ रोजी पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये जमून राजाच्या मागे उभे राहायचे ठरवले. देश एकमुखाने बोलला.

लेखक : देशाला ऐकवले काय होते, तेही सांगा. मूळ आज्ञापत्र लांबलचक होते, सल्ला, तक्रार आणि धमकी यांचे मिश्रण. राजाचा मुद्राधिकारी पिएर फ्लोत याच्या गोटातून त्याचा एक बनावट सारांश बाहेर पडला. काही ओळींचाच. धार्मिक आणि ऐहिक दोन्ही बाबतीत तू आमच्या अंकित आहेस, एवढेच त्यात पोपच्या तोंडी घातले होते. त्याला राजाच्या नावाने एक उत्तरही तयार केले गेले, त्यात पोपला मूर्खशिरोमणी म्हणून संबोधले होते. असला मसाला तयार असल्यावर सभा एकमुखी होणारच. बोनिफेसने जूनमध्ये कार्डिनलांपुढे कानावर हात ठेवले : चाळीस वर्षे कायद्याचा अभ्यास केलेल्या मला देवाने दोन सत्ता नेमल्या हे ठाऊक नाही काय, फ्रान्सचे राज्य माझे मांडलिक आहे असला खुळेपणा माझ्या डोक्यात येईल काय? फ्लोत एका डोळ्याने आंधळा होता. पोपने तिथेच त्याच्यावर तोंडसुख घेतले की हा शरीराने अर्धा आणि बुद्धीने पुरता आंधळा. त्याच भाषणात त्याने राजाला घोड्याच्या पोऱ्यासारखे हाकलून देण्याची धमकीही दिली, म्हणजे खुलासा करता करता माणूस स्वतःच बनावट सारांश खरा ठरवत होता. तोंड आवरणे त्याच्या नशिबी नव्हते. पण एप्रिलच्या त्या सभेतली पत्रे पाहा. सरदारांनी आणि नगरांच्या प्रतिनिधींनी पत्रे लिहिली ती कार्डिनलांना, पोपला नव्हे. धर्मगुरूंनी लिहिले ते पोपला, आणि त्यांच्या पत्राचा सूर गयावया करण्याचा आहे : आम्ही राजाला नाही म्हणू शकत नाही, कृपा करून रोमचे बोलावणे मागे घ्या. राजाने देश सोडण्यास बंदी घातली तरी अनेक बिशप त्या शरद ऋतूत रोमला गेलेच, अनेक गेले नाहीत. एकमुखी देशातला एक वर्ग असा मधोमध चिरला गेला होता.

राजपक्ष : ठीक. पण नोव्हेंबर १३०२ चे 'ऊनाम सांक्ताम' तुम्ही कुठे बसवणार? आध्यात्मिक आणि ऐहिक दोन्ही तलवारी चर्चच्या ताब्यात, एक चर्चने चालवायची आणि दुसरी चर्चसाठी राजाने. आणि मोक्ष हवा असेल तर प्रत्येक मानवाने पोपच्या अधीन असले पाहिजे! यात पैशाचा उल्लेखही नाही. हा तत्त्वाचा दावा आहे, आणि उलट बाजूने धर्मशास्त्री जाँ द पारी याने दोन्ही सत्ता वेगळ्या असल्याचे पुस्तक लिहिले. तत्त्वाची लढाई नव्हती असे कसे म्हणता?

लेखक : तत्त्वे होती, आणि ती मांडणारी माणसे खरोखर बुद्धिमान होती. पण 'ऊनाम सांक्ताम'मध्ये बोनिफेसचे स्वतःचे असे फार थोडे आहे. दोन तलवारींची प्रतिमा बाराव्या शतकातल्या क्लेर्वोच्या बर्नार्डची, सत्तांच्या उतरंडीचा भाग सेंट व्हिक्टरच्या ह्यूगोचा, आणि ज्या शेवटच्या वाक्यावर एवढा गदारोळ झाला ते थॉमस अक्वायनसच्या लिखाणातून आलेले. फिलिपचे किंवा फ्रान्सचे नाव संपूर्ण मजकुरात नाही. दीड-दोन शतके जे निमूटपणे वाचले जात होते ते १३०२ मध्येच असह्य का झाले, याचे उत्तर मजकुरात सापडत नाही, प्रसंगात सापडते. पोपच्या बाजूचा सर्वांत मोठा सिद्धान्तकार एजिदियो रोमानो हा एकेकाळी याच फिलिपसाठी राजधर्मावर ग्रंथ लिहून गेला होता. पुढे तो बूर्जचा आर्चबिशप झाला आणि त्याने पोपला जगाच्या सगळ्या मालमत्तेचा धनी ठरवणारा दुसरा ग्रंथ लिहिला. जाँ द पारीच्या बाबतीत मात्र तुमचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. त्याच्या मते पोप चर्चच्या मालमत्तेचा धनी नाही, निव्वळ कारभारी आहे. मालकी त्या त्या धर्मसमुदायाची. सामान्य माणसाची मालमत्ताही राजाची नव्हे, ज्याने कष्टाने मिळवली त्याची. म्हणजे या सबंध वादात एका लेखकाने मालकी दोघांच्याही हातून काढून तिसऱ्याकडे दिली होती. फिलिपच्या वकिलांनी त्याच्या पुस्तकातून पोपविरुद्धचे मुद्दे खुशाल घ्यावेत असे होते. पण मालकीचा तो सिद्धान्त राजाला लागू करण्याचे कोणाच्या मनात आले नाही, आणि येणार तरी कसे?

राजपक्ष : आता अनान्यीला या. तिथे वकिली चालणार नाही. जिवंत पोपच्या अंगावर हात टाकला गेला. ज्या सत्तेला धर्माचा धाक उरला होता तिने असे धाडस केले असते काय?

लेखक : अनान्यीपर्यंत जाण्याआधी जून १३०३ मध्ये लूव्हरच्या वाड्यात थांबावे लागेल. तिथे राजाचा वकील गियोम द प्लेझियां याने राजापुढे बोनिफेसवरच्या आरोपांची यादी वाचली. आत्म्याच्या अमरत्वावर याचा विश्वास नाही. चर्चमधली पदे हा विकतो. स्वतःच्या चांदीच्या मूर्ती चर्चमध्ये बसवून लोकांकडून मूर्तिपूजा करवतो. याच्याजवळ खासगी सैतान आहे आणि तो त्याचा सल्ला घेतो. आधीचा पोप पाचवा सेलेस्टाइन याच्या मृत्यूला हाच कारण. पोपने ऐहिक बाबींत नाक खुपसले, हा आरोप मुख्य नव्हता. मुख्य आरोप पाखंडाचा. हा माणूस खरा पोपच नाही, म्हणून ख्रिस्ती धर्माचा रक्षक या नात्याने फ्रान्सच्या राजाने धर्मपरिषद बोलावून त्याचा निवाडा करवावा, अशी मागणी. धर्माचा धाक झुगारणारा राजा असे बोलत नाही. पोपपेक्षा मीच जास्त ख्रिस्ती, असे म्हणणारा राजा बोलतो. मग राजाची माणसे या मागणीवर सह्या गोळा करायला देशभर हिंडली. मठ, महाविद्यालये, नगरे, सगळीकडून शेकडो संमतिपत्रे आली. पॅरिसच्या फ्रान्सिस्कन मठात त्यांनी एकेका भिक्षूला विचारून दोन याद्या केल्या, राजाला संमती देणारे आणि न देणारे. न देणाऱ्यांच्या यादीत एक नाव होते जॉन डन्स स्कोटस. त्या शतकातल्या सर्वांत सूक्ष्म तत्त्वज्ञांपैकी एकाला या नकारापायी पॅरिस सोडून जावे लागले. सिस्तेर्सियनांच्या सितो मठाच्या अधिपतीनेही सही नाकारली. सह्यांची ही मोहीम मला अनान्यीच्या छाप्यापेक्षा जास्त बोलकी वाटते, कारण तिच्यात तिसरा पक्ष एकेक करून, नावानिशी, भिंतीशी उभा केलेला दिसतो.

आता छापा. ८ सप्टेंबरला बोनिफेस राजाला उघडपणे बहिष्कृत ठरवणारे आज्ञापत्र प्रसिद्ध करणार होता. नोगारे आणि शियारा कोलोना आदल्या पहाटे अनान्यीत घुसले, आणि पोपच्या रक्षकदलाच्या नायकानेच त्यांना फूस दिली होती. कोलोनाला जुन्या वैरापायी पोपचे मुंडके हवे होते, नोगारेला तो जिवंत हवा होता, धर्मपरिषदेपुढे उभा करण्यासाठी. या छाप्यात पोपच्या थोबाडीत मारल्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते, पण त्या वेळी तिथे असलेल्या माणसाच्या वृत्तान्तात ती नाही. पोपने आपली मान पुढे केल्याचे मात्र आहे. तीन दिवसांत गावकऱ्यांनीच टोळीला हुसकावून पोपला सोडवले. दान्ते बोनिफेसचा हाडवैरी. आपल्या महाकाव्यात त्याने पद विकणाऱ्यांच्या नरकात बोनिफेससाठी जागा आधीच राखून ठेवली आहे. त्याच दान्तेने अनान्यीला मात्र ख्रिस्ताची दुसरी विटंबना मानले. पोपच्या पदावरची श्रद्धा शाबूत होती, म्हणूनच तर तो हादरला. नोगारेला पुढे १३११ पर्यंत बहिष्कार डोक्यावर घेऊन फिरावे लागले, आणि तो काढून घेण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे मेलेल्या बोनिफेसविरुद्ध खटला चालवला. ज्याला धर्मसत्तेचे काही सोयरसुतक नाही तो असा आटापिटा करत नाही.

राजपक्ष : बरे, फिलिपने धर्माची भाषा वापरली म्हणू. पण पाचव्या क्लेमंटच्या काळात पोप त्याच्या मुठीत होता. टेम्पलर या लढवय्या भिक्षूंच्या पंथाचे उदाहरण घ्या. १३ ऑक्टोबर १३०७ रोजी राजाने एका दिवसात फ्रान्सभरचे टेम्पलर पकडले, आणि १३१२ मध्ये पोपने व्हिएनच्या धर्मपरिषदेत पंथ बरखास्त करून टाकला. याला वाटणी म्हणतात की शरणागती?

लेखक : टेम्पलरांवरचा आरोप पुन्हा पाखंडाचाच होता, तेवढे नोंदवून पुढे जाऊ. क्लेमंट दुबळा होता, आजारी होता, हे खरे. पण तो काय देतो आणि काय राखतो ते पाहण्यासारखे आहे. टेम्पलर पंथ त्याने बरखास्त केला तो दोषी ठरवून नव्हे, प्रशासकीय हुकुमाने. आणि मालमत्ता राजाला न देता तशाच लढवय्या हॉस्पिटलर पंथाकडे वळवली. फिलिपला बोनिफेसच्या स्मृतीला पाखंडी ठरवून हवे होते. क्लेमंटने खटला लांबवत नेला आणि १३११ मध्ये राजाकडून तो सोडवून घेतला. मोबदल्यात काय दिले? राजाचा हेतू चांगला होता असे प्रशस्तिपत्र, आणि फ्रान्सचे लोक हे इस्राएलसारखे देवाने निवडलेले असल्याचा गौरव. पाचवा सेलेस्टाइन हा बोनिफेसने छळून मारलेला हुतात्मा म्हणून संत व्हावा, अशी राजाची इच्छा होती. क्लेमंटने १३१३ मध्ये त्याला संत केले, पण पोप सेलेस्टाइन म्हणून नाही आणि हुतात्मा म्हणूनही नाही, पोप होण्याआधीचा मोरोनेचा तपस्वी पेत्रुस म्हणून. हा मुठीतल्या माणसाचा कारभार नव्हे, घासाघीस करणाऱ्या भागीदाराचा आहे. आव्हीन्योंही त्या वेळी फ्रान्सच्या राजाचे नव्हते. ते प्रोव्हान्सच्या काउंटचे होते, आणि १३४८ मध्ये सहाव्या क्लेमंटने ते प्रोव्हान्सची तेव्हाची धनीण राणी योहाना हिच्याकडून ८०,००० फ्लोरिनला विकत घेतले. एवढी रक्कम पोपच्या तिजोरीत होती, हेही लक्षात घ्या. आव्हीन्योंच्या पोपमंडळींनी पदांच्या नेमणुकांवरची आणि नव्या नेमणुकीच्या पहिल्या वर्षाच्या उत्पन्नावरची वसुली इतकी शिस्तशीर केली की त्या काळातल्या कोणत्याही राजाला हेवा वाटावा. दुसरीकडे व्हिएनच्या धर्मपरिषदेने धर्मयुद्धासाठी सहा वर्षे चर्चच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंजूर केला. फ्रान्समधला हिस्सा राजाच्या हाती गेला आणि धर्मयुद्ध काही निघाले नाही. म्हणजे बोनिफेसने ज्यावरून आकाशपाताळ एक केले होते ती वसुली त्याच्यानंतर दोन्ही बाजूंनी सुरू राहिली, पोपकडूनही आणि राजाकडूनही. सामाईक जमिनीचा वाद भाऊबंदांनी मिटवला की कुळाला दोन्ही दारी खंड भरावा लागतो, तसा हा मामला.

राजपक्ष : तुमचे हे कूळ मोठे गरीब दिसते! बिशप म्हणजे जहागिरदार, मठ म्हणजे हजारो एकरांचे धनी. देशाच्या युद्धाला त्यांनी पैसा दिला तर कोणते आभाळ कोसळले? उलट इतरांनी कर भरायचा आणि यांनी भरायचा नाही, हाच अन्याय नव्हता काय?

लेखक : हा तुमचा सर्वांत बळकट आक्षेप, आणि चर्चची श्रीमंती मी नाकारत नाही. धर्मगुरूंनी कर देऊ नये असे मी म्हणतच नाही. मी विचारतो आहे की द्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क कोणाकडून कोणाकडे गेला. त्याचा माग कागदावर स्वच्छ सापडतो. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवले होते की राजसत्तेने धर्मगुरूंवर कर लादू नये. गरज खरी आहे असे त्या त्या ठिकाणच्या बिशपाला आणि त्याच्या धर्मगुरूंना वाटले, तर त्यांनी सक्तीवाचून मदत द्यावी. संमती देणाऱ्याची होती. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने त्यात भर घातली की अशा वेळी आधी रोमच्या पोपचा सल्ला घ्यावा. कारण दिले ते काही लोकांच्या अविचाराचे, पण कुलपाला दुसरी किल्ली लागली ती तेव्हा. १२९६ मध्ये बोनिफेसने 'क्लेरिकिस लाइकोस'ने ती दुसरी किल्लीच एकमेव ठरवली. १२९७ मध्ये त्याने ती राजाच्या हातात दिली, १३०१ मध्ये परत मागितली, १३०६ मध्ये क्लेमंटने प्रश्नच काढून टाकला. ११७९ च्या नियमातला तो स्थानिक बिशप आणि त्याचे धर्मगुरू या प्रवासात कुठे नाहीसे झाले, हे कोणत्याही बाजूच्या पुस्तिकेत लिहिलेले नाही. आणि संमतीची बाब काही झगेवाल्यांपुरती नव्हती. कर देणाऱ्याला विचारून कर घ्यावा, हे तत्त्व त्या काळी युरोपात जिथे लेखी स्वरूपात रुजले होते त्यांतली एक जागा हीच होती. राज्यसंस्थेच्या विजयाचे पोवाडे गाताना ही जागा रिकामी झाली, हे सोयीस्करपणे विसरले जाते. नोत्र-दामच्या सभेला लोकप्रतिनिधित्वाची सुरुवात म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे : त्या सभेने राजाला कशाला नकार दिला?

राजपक्ष : म्हणजे फिलिपच्या हातून पुढच्या काळाला काहीच मिळाले नाही?

लेखक : मिळाले, पण त्याने देऊ केले होते ते नव्हे. पोपवर धर्मपरिषदेचा अधिकार चालतो, हा विचार त्याच्या वकिलांनी एका माणसाला अडकवण्यासाठी जोरात मांडला, आणि १३७८ नंतर एकाच वेळी दोन-दोन, पुढे तीन पोप झाले तेव्हा चर्चने तो गंभीरपणे हाती घेतला. त्याच वातावरणात फ्रान्सच्या धर्मगुरूंना एकदा आपला वाटा परत मिळवण्याची संधी आली. १४३८ मध्ये बूर्जला जमलेल्या सभेनंतर निघालेल्या राजाज्ञेने बिशपांची निवड त्या त्या कॅथेड्रलच्या धर्मगुरुमंडळाकडे आणि मठाधिपतींची निवड मठांकडे सोपवली, आणि रोमची वसुली बरीचशी तोडली. पोपला ती खुपणे साहजिक होते; राजालाही ती पुढे अडचणीची वाटू लागली, कारण स्वतः निवडून आलेला बिशप राजाचे ऐकेलच असे नाही. अकराव्या लुईने १४६१ मध्ये ती एकदा मोडीत काढून पाहिली. शेवटी १५१६ मध्ये पहिला फ्रान्स्वा आणि पोप दहावा लिओ यांनी बोलोन्याला करार केला. बिशप आणि मठाधिपती यांची नावे राजाने सुचवायची, पोपने मान्यता द्यायची, आणि रोमच्या वसुलीची वाट पुन्हा मोकळी. त्याच दशकात पोर्तुगालच्या राजालाही रोमकडून असेच हक्क मिळाले, आणि गोव्याच्या चर्चवर पुढे कित्येक पिढ्या चाललेला 'पाद्रोआदो' त्यातूनच आला. बोनिफेस आणि फिलिप ज्यासाठी एकमेकांच्या उरावर बसले होते ते दोघांच्या वारसांनी एका टेबलाशी बसून वाटून घेतले. या कराराला विरोध केला तो पॅरिसच्या न्यायसभेने आणि पॅरिस विद्यापीठाने. न्यायसभेने तो नोंदवून घ्यायला नकार दिला, महिन्यांमागून महिने टाळाटाळ केली, आणि राजाने दटावल्यावर मार्च १५१८ मध्ये नोंद केली. हा करार १७९० पर्यंत चालला.